माझा अनुभव : पौर्णिमा धरून रत्नागिरी, स्वतःच्या गाडीशिवाय

रत्नागिरीला जायची तारीख मी तिथी बघून ठरवतो. कारण समुद्र. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ काढायला एक तोंडी हिशेब करतात: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब मोघम आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. मुंबईच्या भरतीचा तक्ता वापरणार असाल तर तीच भरती रत्नागिरीत थोडी आधी येते, हे लक्षात ठेवायचं.

अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहाला, नेमकं फिरायच्या वेळी, पाणी वर आलेलं असतं आणि वाळूची चिंचोळी पट्टी उरते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती भर दुपारी येऊन जाते, तेव्हा तसंही उन्हात किनाऱ्यावर कोणी थांबत नाही. साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि ओली, कडक, चालायला सोपी वाळू उघडी पडते. पहाटेही तसंच. पुढच्या दोन-तीन दिवसांत ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तरी संध्याकाळ हातात राहते. म्हणून मी पौर्णिमेला पोचतो आणि संकष्टीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला निघतो. संकष्टीला गणपतीपुळ्यात रांग लागते. अंगारकी असेल तर तिकडे जायचं नावच काढू नये. अमावास्येचा हिशेबही असाच चालतो.

तिथी ठरली की लगेच रेल्वे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. एप्रिल-मेची आणि गणपतीची तिकिटं पहिल्या काही मिनिटांतच संपतात, त्यामुळे त्या सकाळी फोन चार्ज आणि प्रवाशांची नावं आधी भरून ठेवलेली हवीत. राहिलंच तर तत्काळ, आदल्या दिवशी: एसीला सकाळी १०, स्लीपरला ११. एक चूक फार जणांकडून होते. दादरची तुतारी एक्स्प्रेस रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, दरडीच्या भीतीने वेग कमी ठेवतात, तेव्हा जुन्या वेळा धरून पुढची जोडगाडी ठरवू नये.

मुंबईकडून येताना उक्षी गेलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. तो सुरू झाला की सामान खाली काढायचं. मग भोके आणि लगेच रत्नागिरी. स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर वर आहे, चालत जाण्यातलं नाही. बाहेर शहरी बस मिळते, पण तिच्या वेळा गाड्यांशी जुळतातच असं नाही. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवायचं आणि उतरायचं ठिकाण नेमकं सांगायचं: साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ की एसटी स्टँड. ही चारही नावं एकाच मुख्य रस्त्यावरची आहेत, वरून खाली याच क्रमाने. एवढं डोक्यात बसलं की अर्धी रत्नागिरी कळली.

खाजगी बसने येणाऱ्यांना एक सूचना. गोव्याकडे किंवा सिंधुदुर्गात जाणाऱ्या बस शहरात शिरत नाहीत, हातखंबा तिठ्यावर सोडतात. तिथून शहर बारा-तेरा किलोमीटर. मला एकदा एका कंपनीने ‘रत्नागिरी’ असं तिकीट देऊन पहाटे चारला तिठ्यावर उतरवलं आणि उजाडेपर्यंत पुढे जायला काही मिळालं नाही. तिकीट काढताना ‘शहरातला थांबा कुठला?’ हे विचारून घ्या. एसटीच्या रत्नागिरी पाटीच्या गाड्या थेट स्टँडवर येतात.

गाडीशिवाय फिरायचं तर खोली स्टँडपासून चालत जाता येईल अशी घ्यावी. समुद्र दिसणारी खोली मोहात पाडते, पण दर वेळी रिक्षा करावी लागते. पहाटेच्या कोकणकन्येने पोचणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारायच्या: दिवस चोवीस तासांचा धरतात की ठरावीक वेळेपासून, आणि पहाटे दार कोण उघडेल. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पहिल्या संध्याकाळी मांडवी. स्टँडपासून रमतगमत चालत जाता येतं. वाळू काळी, जेटीवर गर्दी, भेळ, वारा. इथे जास्त काही करायचं नाही, बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मिरकरवाडा बंदर. पायात पकड असलेली चप्पल हवी, कारण जेटीवर बर्फाचं आणि मासळीचं पाणी सतत वाहत असतं. क्रेट उचलून येणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नये, ते थांबू शकत नाहीत. फोटो काढण्याआधी विचारावं. विकणाऱ्या भाभींशी भाव करायचा, पण लिलाव चालू असताना मध्ये बोलायचं नाही. लहान मासा वाट्यावर मिळतो, मोठा वजनावर किंवा नगावर. बांगडा घेताना कल्ला बोटाने उचलून बघायचा: आत ओलं, गडद लाल असेल तर ताजा. तपकिरी झाला, चिकट लागला तर तो बर्फात दिवस काढलेला. डोळा फुगीर आणि काळाभोर हवा, पोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. बांगडा पोटातून आधी फुटतो, म्हणून फुटक्या पोटाचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. घेतलेला मासा शिजवून हवा असेल तर घरगुती जेवण देणाऱ्यांना आदल्या रात्रीच विचारून ठेवायचं, सकाळी पिशवी घेऊन दारात उभं राहिलं तर नकारच मिळतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत थाळीत सुरमई आली तर ती बर्फातली समजायची. तेव्हा खाडीतले खेकडे, तिसऱ्या, नाहीतर सुका बांगडा आणि सोडे मागवावेत, तेच त्या महिन्यांचं खरं जेवण. खानावळी साधारण साडेबाराला सुरू होतात आणि अडीचनंतर पोचलात तर वरण-भातावर भागवावं लागतं. शाकाहारी माणसाने फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ विचारावी. ती रोज नसते, सोलायला फार वेळ लागतो आणि चिकाने हात सोलवटतात.

बंदरावरून तसंच पुढे रत्नदुर्गावर. घोड्याच्या नालेसारखा किल्ला, तीन बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. वरून सगळं मिरकरवाडा बंदर एका नजरेत येतं, रंगीत बोटी एकीला एक लागून उभ्या. आठपर्यंत वर पोचलं तर दहाच्या आत उतरता येतं. एप्रिल-मेमध्ये साडेअकरा ते चार बाहेर फिरायचं नाही, हा नियम मी कधी मोडत नाही. पारा फार चढलेला दिसत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. तासाला अर्धा लिटर पाणी आणि मध्ये एकदा मीठ घातलेलं कोकम सरबत, एवढं हवंच.

दुपार उलटल्यावर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे नजरकैदेत आला. राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, तोवर तो इथल्या भाड्याच्या बंगल्यांत राहिला होता, आणि १९१६ मध्ये इथेच गेला. आत संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. पौर्णिमा शनिवार-रविवारी येत असेल तर राजवाडा आधी उरकून घ्यायचा. तिथून थिबा पॉइंट जवळच. खाली भाट्याची खाडी, पूल आणि राजिवड्याची वस्ती दिसते. ओहोटीच्या वेळी वर उभं राहून खाडीच्या मुखाकडे नीट बघा: काजळी नदीचं पाणी ओढ घेत समुद्रात जाताना रेषा दिसते. ती रेषा बघितलेला माणूस भाट्यावर मुखाजवळ पोहायला उतरत नाही. उधाणाच्या ओहोटीला ही ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणजे मी निवडलेल्या दिवसांचा हा तोटा. चालायला उत्तम, पोहायला वाईट. भाट्याच्या सुरूच्या बनाकडच्या लांब किनाऱ्यावर चाला, गुडघाभर पाण्यापर्यंत जा, तेवढंच.

टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत. २३ जुलै १८५६ चा जन्म. पतितपावन मंदिर १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सावरकर इथे स्थानबद्ध असतानाच्या काळातलं. दोन्ही शहरातच आहेत, उन्हं उतरल्यावर तासा-दीड तासात होतात.

तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे, एसटीने. शहरात दोन स्टँड आहेत, मध्यवर्ती आणि रहाटाघर. आपली गाडी कुठून सुटते ते आदल्या संध्याकाळी चौकशी खिडकीवर विचारावं. तिथेच दोन गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: आरे-वारे मार्गे जाणारी सकाळची गाडी आणि पुळ्याहून परतीची शेवटची गाडी. फोनवरच्या वेळा मी धरत नाही, शाळा सुटीत असली की काही फेऱ्या आपोआप बंद होतात. ‘आरे-वारे’ हा शब्द महत्त्वाचा. किनाऱ्याने अंतर पंचवीसेक किलोमीटर, महामार्गाकडून गेलात तर बरंच लांब पडतं आणि समुद्र दिसतच नाही. जाताना डाव्या खिडकीला बसायचं. आऱ्याच्या चढावर गाडी वळली की खाली सगळा किनारा एकदम उघडतो. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, पण वयाचा पुरावा जवळ हवा.

पुळ्याला डोंगरालाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, साधारण एक किलोमीटर. वाट जांभ्याची, पाय अनवाणी. दुपारी बारानंतर तो चिरा तव्यासारखा तापतो आणि वाटेत परतही फिरता येत नाही. नऊच्या आत प्रदक्षिणा संपवा, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच. इथल्या समुद्रात कंबरेच्या वर जाऊ नका. तळ एकदम खोल होतो आणि माघारी फिरणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. दरवर्षी इथे माणसं बुडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत असतं. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. दीड-दोन किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. ऊन कमी असेल तर चालत, नाहीतर रिक्षा. परतीची शेवटच्या आधीची गाडी पकडायची. शेवटची भरून आली तर ती मधल्या थांब्यावर थांबत नाही.

चौथ्या दिवशी निघायच्या आधी आंबे. एप्रिल-मे असेल तरच अर्थातच. कोकण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचं आहे. ‘हापूस’ एवढं लिहिलेलं म्हणजे रत्नागिरीचा असं होत नाही, बागेचं गाव विचारा. पेटीत मोठं फळ चार डझन बसतं, मध्यम पाच-सहा डझन. म्हणून भाव पेटीचा सांगितला तरी हिशेब डझनाचा करायचा आणि वरच्या थरावर समाधान न मानता खालचा थरही उघडायला सांगायचं. चांगला विक्रेता नाराज होत नाही. आंबा पाव किलोचा धरला तरी पाच डझनांचे पंधरा किलो होतात, वर लाकूड आणि गवत. एका माणसाला एकच पेटी, यापेक्षा जास्त रेल्वेत चढवू नये.

कच्चा घ्यायचा की तयार, ते घरी किती दिवसांनी खायचा यावर. तयार फळ प्रवासात दबतं, मी कच्चाच घेतो. साका आहे की नाही ते बाहेरून कळत नाही, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो. निघाला तर बदलून देणार का, एवढं आधी ठरवून ठेवायचं. पेटीला प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत ऊब कोंडते आणि एक फळ नासलं की शेजारची जातात. बाकाखाली ठेवा, दारापाशी नको.

परतीची गाडी पहाटेची असेल तर रिक्षावाल्या दादांना आदल्या रात्रीच सांगून त्यांचा नंबर घ्या. चार वाजता रस्त्यावर कोणी नसतं.

घरी आल्यावर त्याच रात्री पेटी उघडायची. आंबे गवतावर सुटे मांडायचे, देठ वर, एकमेकांना न टेकता, आणि पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. रोज एकदा हात फिरवून डागी फळ बाजूला काढायचं. रंगावर जाऊ नका, साल थोडी हिरवी असतानाही आंबा तयार असतो. देठाजवळ वास सुटला आणि साल किंचित सुरकुतली की कापायला हरकत नाही. तृतीयेला घेतलेली पेटी साधारण एकादशी-द्वादशीला खायला येते.