भिशीचे पन्नास हजार आणि बारा मीटरचा मोह

रविवार, रात्री

दसरा होऊन आठवडा झाला. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारली. पावसाळाभर पश्चिमेकडून जे ओलं वारं तोंडावर येतं ते आता पडलंय. शालिनी पॅलेसपर्यंत पाणी ताटासारखं सपाट होतं. कट्ट्यावर बसले आणि सवयीनं पाण्याच्या कातडीकडं बघून वेग ठरवायला लागले. पाच नॉट, फार तर सहा, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून समुद्रात पळायचा खेळ, शिकायला लागून चार वर्षं झाली, आता पाणी दिसलं की मला आधी वारंच दिसतं.

काल भिशी लागली. आमची स्टाफरूममधली दहा जणींची भिशी, महिना पाच हजार. माझा नंबर नेमका मोसमाच्या तोंडावर आला. पन्नास हजार एकदम हातात. आईनं विचारलं, "काय करणार आहेस?" मी म्हटलं, काईटचं सामान. ती पुढं काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. मागच्या वर्षी तिच्या मनात माझ्यासाठी पाटल्या होत्या, हे मला माहीत आहे. म्हणून हे पैसे चुकीच्या ठिकाणी जाऊन चालणार नाहीत.

माझ्याकडं आज आहे ते असं: नऊ मीटरचा (म्हणजे नऊ चौरस मीटर कापडाचा) काईट, सेकंडहँड पण कापड अजून खडखडीत. 136 सेंटिमीटरचा ट्विन टिप बोर्ड, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेली फळी. हार्नेसची, म्हणजे काईटची ओढ अंगावर घेणाऱ्या कमरपट्ट्याची, पट्टी उसवली होती, ती चप्पल लाईनीतल्या एका मामांनी मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून दिली, ती शिवण आता मूळ कंपनीच्या शिवणीपेक्षा पक्की आहे. हेल्मेट, इम्पॅक्ट व्हेस्ट, पंप ठीक. आणि बार, म्हणजे काईट चालवायचा हातातला दांडा, काईटला जोडणाऱ्या लाइनींसकट (दोऱ्यांसकट), सहा वर्षांचा. माझ्या आधी दोघांनी वापरलेला.

मन मात्र बारा मीटरच्या काईटवर बसलंय. मे महिन्यात गोव्यात मोरजीला मोसम संपताना एका शिकवणाऱ्याकडं तो बघितला होता. 42 हजार म्हणाला होता, अजून विकला गेलेला नाही. मी तो रात्रभर फुगवून ठेवायला लावला, सकाळी बोट दाबून बघितलं तर पुढची नळी तशीच कडक. कापड कानाशी धरून चुरगाळलं, कागदासारखं वाजलं. उन्हानं मेलेलं कापड वाजत नाही, रुमालासारखं गप्प बसतं. व्हॉल्व्हच्या कडा स्वच्छ. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या लेगेन्यू भावांनी 1984 साली हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं, ते पाण्यात पडलेला पतंग पाण्यातूनच पुन्हा उठावा म्हणून. त्या कडक नळीवरून हात फिरवताना मला प्रत्येक वेळी त्या दोघांची आठवण होते. कुणीतरी आपल्यासाठी आधी पाण्यात पडून बघितलंय.

वही काढली. मागच्या मोसमात मी कोल्हापूरहून सात वेळा खाली उतरले. निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा. दादाची वॅगनआर, मागची सीट पाडून त्यावर बोर्ड. सात फेऱ्यांत किनाऱ्यावर 19 दुपारी मिळाल्या. त्यातल्या 8 दुपारी वारं 14 नॉट किंवा वर होतं, 6 दुपारी 12 ते 14 च्या मध्ये, आणि 5 दुपारी त्याच्याही खाली. नऊ मीटरवर मी 14 ला चालते. म्हणजे 19 पैकी 8. बाकीच्या अकरा दुपारी मी वाळूत बसून लोकांचे मोठे काईट बघितले.

गणित सरळ आहे, मी तर रोज फिजिक्सच शिकवते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि कापडाच्या क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात. नऊ मीटरला 14 नॉटवर जेवढा जोर मिळतो, जवळजवळ तेवढाच बारा मीटरला 12 नॉटवर मिळतो. म्हणजे त्या मधल्या 6 दुपारी माझ्या. 8 च्या 14 होतात.

आज रात्री पैसे पाठवून टाकावेत असं फार वाटतंय. पाठवले नाहीत. बार आठवतोय.

मंगळवार

मार्चमधली ती गोष्ट मी घरात अजून सांगितलेली नाही, इथं पहिल्यांदा लिहितेय.

दुपारचे साडेतीन. आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारीपासून दुपारचं वारं चांगलं धरतं. सकाळभर जमीन तापते, हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा वायव्येकडून आत येते, तीन-चारच्या सुमाराला भरात असते. त्या दिवशी सोळा नॉट होतं. परत येताना किनाऱ्याजवळ माझा काईट पाण्यात पडला आणि फुटणाऱ्या लाटेनं तो उचलला. लाटेत सापडलेल्या काईटला ओढ किती असते हे सांगून कळत नाही. मी छातीवर आपटत वाळूकडं खेचली जात होते. शिकवलं होतं तसं चिकन लूपवरचा (हार्नेसच्या हुकात अडकवायच्या कडीवरचा) क्विक रिलीज, म्हणजे संकटात काईट सोडायची कळ, पुढं ढकलला. तो सरकला नाही. पुन्हा दोन्ही हातांनी, सगळ्या जोरानं ढकलला, तेव्हा सुटला. काईट एका लाइनीवर फडफडत मेला. सगळं मिळून तीन-चार सेकंद असेल. बाहेर येऊन बघितलं तर रिलीजच्या कॉलरमध्ये वाळूचे कण आणि मिठाची पांढरी साय. मी प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुते. तरी आत साचलं होतं.

त्यानंतर मी पाण्यात जायच्या आधी रिलीज दोनदा सोडून बघते. पण हात लावताना मनात जी शंका येते ती जात नाही.

आज पहाटे सहाला तो बार घेऊन गल्लीत उतरले. 24 मीटरच्या लाइनी पसरायला आमच्या उत्तरेश्वर पेठेत गल्लीशिवाय जागा नाही. चारही टोकं विजेच्या खांबाला एका आकड्यात अडकवली आणि मागं मागं चालत बार ताणून धरला. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला निघालेली माणसं लाइनींच्या खालून वाकून जात होती. पलीकडच्या वाड्यातला पोरगा बघत उभा राहिला.

"ताई, मांजा हाय व्हय?"

"मांजाच. पण कापत नाही, ओढतो."

बार पूर्ण ओढून घेतला की चारही लाइनी सारख्या ताणाच्या लागायला पाहिजेत. मागच्या दोन ताठ, आणि पुढच्या दोन मधेच झोल खाऊन लोंबत होत्या. पुढच्या लाइनींवर सगळा भार येतो, त्या वर्षांनुवर्षं ताणून लांबतात, आणि मग मागच्या आपोआप आखूड पडतात. टेप लावला. साडेचार सेंटिमीटर. पोराला टेपाचं दुसरं टोक धरायला लावून पुन्हा मोजलं. साडेचारच.

तिथंच खांबाजवळ बसले. मागच्या लाइनी आखूड असतील तर काईट सतत ओढून धरल्यासारखा राहतो, त्याला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. वारं जोरात असेल तर कळत नाही. वारं हलकं असलं की तो वर चढायचं सोडून मागं मागं सरकत खाली बसतो. त्या अकरा दुपारींतल्या कितीतरी दुपारी माझा काईट अगदी असाच मागं सरकून पाण्यात बसला होता, आणि मी वहीत लिहिलं होतं, "काईट लहान पडतोय."

लहान पडत नव्हता. निदान तेवढा नाही.

गुरुवार

गाठी बदलून मागच्या लाइनी चार सेंटिमीटर सैल केल्या, तात्पुरतं जमलं. पण मधली दोरी, जी बारच्या भोकातून सतत वरखाली घासते, तिच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण एका जागी फाटून आतले धागे दिसायला लागलेत. ही दोरी तुटली तर वाऱ्याचा जोर कमी करायची सोयच जाते. बार बदलायचा. हे आता नक्की.

गोव्यातल्या दुकानदाराकडं मागच्या वर्षीचं मॉडेल 38,500 ला आहे. दोन दिवस प्रश्न विचारून त्याला भंडावलं. पुढच्या लाइनी कुठं जुळतात, बारजवळ की वर? कारण माझ्या काईटला वरची जुळणी लागते. रिलीज आयएसओ 21853 या सुरक्षा मानकाप्रमाणे तपासलेला आहे का? सोडल्यावर काईट एकाच लाइनीवर पूर्ण मरतो का? बारची टोकं बदलून 45 सेंटिमीटरचा 52 करता येतो, म्हणजे उद्या कधी बारा मीटर घेतला तरी हाच चालेल. हे ऐकून बरं वाटलं.

वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ते पाण्याच्या वर उडतात ते घ्या ना." 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेलला फॉर्म्युला काईट, म्हणजे तसल्याच बोर्डांची शर्यत, पहिल्यांदा आलं, ते तिनं बघितलेलं. हायड्रोफॉईलवर, म्हणजे बोर्डाखाली पाण्यात असलेल्या पंखावर, अगदी मंद वाऱ्यातही चालता येतं हे खरं. पण त्याची किंमत माझ्या भिशीच्या दुपटीच्या पुढं जाते, आणि खाली जवळजवळ मीटरभर लांब खांब असतो, त्याला खोल पाणी लागतं. मी जिथं उतरते तिथं ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात लांबवर चालावं लागतं. नको.

उरले साडेअकरा हजार. आणि एक दुपार आठवली. एप्रिलमध्ये बारा नॉटच्या आसपास मी एकीचा मोठा बोर्ड मागून घेतला होता, दीड मीटर लांब, जवळजवळ सपाट. माझ्याच नऊ मीटरवर, त्याच आखूड मागच्या लाइनींवर, मी काईट सतत खालीवर फिरवत शंभर-दीडशे मीटर गेले होते. रुंद आणि सपाट बोर्ड लवकर पाण्यावर उचलला जातो, वाऱ्याकडं कमी मागतो.

जेवताना आप्पांना सांगितलं. नवा तसा बोर्ड तीस-पस्तीस हजाराच्या खाली नाही, हेही सांगितलं.

आप्पांनी 31 वर्षं उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये काढली. ऑइल इंजिनच्या कास्टिंगसाठी लाकडाचे साचे करायचे. निवृत्त झाल्यापासून हातांना काम नाही.

"तुझा तो लहान बोर्ड आण बघू," म्हणाले. आडवा धरून एक डोळा मिटून त्याची बाक बघितली. बोटानं कड चाचपली. टिचकी मारली.

"आत लाकूडच आहे की."

"लाकूडच असतं आप्पा. वरनं काचेचं कापड आणि रेझिन."

"मग कशाला विकत आणतीस?"

शनिवार

सकाळी बारचे पैसे भरले. मग दोघं टिंबर मार्केटला गेलो. चार मिलिमीटरचा मरीन प्लाय, आप्पांनी पाच पत्रे नाकारून सहावा घेतला. प्रत्येकाच्या कडेला डोळा लावून थरांमध्ये पोकळी आहे का बघत होते. दुकानदार वैतागला नाही, उलट आतून आणखी दोन काढून दाखवले. लक्ष्मीपुरीतून इपॉक्सी रेझिन, काचेचं कापड, सहा मिलिमीटरचे स्टेनलेसचे स्क्रू, खाऱ्या पाण्यात टिकतील असे 316 ग्रेडचे. पायाचे पट्टे नि पॅड जुने, चार हजाराला ठरलेत, बारच्याच पार्सलमध्ये येतील. सगळं धरून 47 हजार सातशे. उरलं ते आंबोलीच्या पहिल्या फेरीच्या पेट्रोलचं.

दुपारी परड्यात काम सुरू झालं. आप्पांनी माळ्यावरची पेटी उतरवली. आत त्यांच्या जुन्या पट्ट्या. मी त्यातली एक पितळी कडेची पट्टी उचलून 150 वर खूण करणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"ती नको. ती वाढीव आहे."

बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते, तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटर लांब. पट्टीवर वाचायचं नेहमीचं माप, आणि हातात येतं आकसण्याची सोय केलेलं. तिच्यावर मोजला असता तर बोर्ड दीड सेंटिमीटर लांब झाला असता. इतकी वर्षं ती पट्टी घरात आहे आणि मला हे माहीत नव्हतं. मी वर्गात प्रसरण-आकुंचन शिकवताना रेल्वेच्या रुळांचं उदाहरण देते.

साधा टेप घेतला. 150 लांब, 45 रुंद. आप्पांनी लाकडाच्या पाच आडव्या पट्ट्यांचा साचा केला, टोकाकडच्या उंच, मधली बुटकी, दोन्ही टोकांना मिळून तीन सेंटिमीटरची बाक येईल असा. माझ्या जुन्या बोर्डाला चार आहे. प्लायचे दोन थर, मध्ये रेझिन. रेझिन मी पसरत होते, ते क्लॅम्प लावत होते. मधल्यापासून सुरू करून टोकाकडं जायचं, म्हणजे हवा बाहेर निघते. एकेक क्लॅम्प थोडा पिळायचा, पुन्हा पहिल्याकडं यायचं, पुन्हा थोडा. कडेनं रेझिनची बारीक मधासारखी ओळ बाहेर आली की थांबायचं. बावीस क्लॅम्प लागले. सहा शेजारच्या सुताराकडून आणले.

आई चहा घेऊन आली. क्लॅम्प बघितले, आप्पांचे रेझिननं चिकट झालेले हात बघितले.

"हे घालून तू समुद्रात जाणार?"

"हो."

"ह्यांनी केलेलं आहे ना, मग ठीक आहे," म्हणाली आणि त्यांच्या हातात कप देता येईना म्हणून तिनं तो त्यांच्या तोंडाला लावला.

आता रात्रीचे साडेदहा. रेझिन सुकायला पूर्ण दिवस लागेल, उद्या संध्याकाळपर्यंत क्लॅम्पला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. परड्यात दिवा लागलाय. आप्पा पुन्हा बाहेर गेलेत, टोकाच्या क्लॅम्पजवळ वाकून बोटाच्या नखानं ती बाहेर आलेली ओळ दाबून बघतायत.