पिंपळाचं पान

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा मी उद्याच्या अंकातलं चित्र पुरं करत होतो. पाकिटावरचा तो गोल जांभळा शिक्का पाहिला आणि हात थांबला. क्षणभर चित्रकलेच्या खोलीचा वास आला. पोस्टर कलर, ओली भिंत आणि खळ.

पत्रात म्हटलंय, शाळेतल्या सगळ्या आठवणी लिहा. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. गेली २७ वर्षं मी एका दैनिकात राजकीय व्यंगचित्रं काढतो आणि त्या कामाच्या मुळाशी आपल्या शाळेतला एकच माणूस आहे. बाकीच्या गुरुजनांनी समजून घ्यावं. सरांचं नावही लिहीत नाही. आपल्याकडे 'ड्रॉइंगचे सर' म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार?

१९८१ साली आम्ही आठवीत होतो. सर वर्गावर येताना काखेत एक लांबट हजेरीपट घेऊन यायचे. हजेरी कधीच घ्यायचे नाहीत. कचेरीने रद्द म्हणून टाकलेल्या त्या रजिस्टरांत त्यांनी व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची 'टाइम्स ऑफ इंडिया'तली चित्रं डकवलेली असायची. मुंबईचा अंक आपल्या गावात यायचा तो स्वारगेटहून निघालेल्या एसटीने, दुपारी. मधल्या सुट्टीत सर सायकल काढून स्टँडवर जात. अंक आणला की पहिल्या पानावरचं ते चिमुकलं चौकोनी चित्र ब्लेडने कापायचं, शिपाईमामांनी शिजवून ठेवलेल्या खळीने चिकटवायचं, खाली लाल शाईने तारीख घालायची. आमचा तास शेवटून दुसरा असे, त्यामुळे ताजं चित्र पहिल्यांदा आमच्या वर्गाला मिळायचं. याचा आम्हाला केवढा अभिमान होता!

इंग्रजी ओळ फळ्यावर लिहून सर तिचा मराठीत अर्थ सांगायचे आणि मग विचारायचे, "आधी सांगा, तो कुठं उभा आहे?"

तो म्हणजे सामान्य माणूस. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, डोक्यामागे उरलेली केसांची झालर. पुढारी भाषण ठोकतोय, अधिकारी फाइली ढकलतोय, आणि हा कुठेतरी कडेला उभा राहून सगळं बघतोय. बोलत मात्र कधी नाही. "तो बोलला तर चित्र संपलं," असं सर म्हणायचे. लक्ष्मणांचं 'यू सेड इट' हे रोजचं चित्र १९५१ साली सुरू झालं आणि आपली शाळाही १९५१ चीच, ही गोष्ट सर प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. त्यांच्या लेखी ही दोन भावंडंच होती. सुरुवातीला लक्ष्मण गर्दीत बंगाली, पंजाबी, तमिळ, मराठी अशी वेगवेगळ्या पेहरावाची माणसं काढत. पण रोजच्या रोज चित्र द्यायचं म्हणजे वेळ कुठला? एकेक जण गळत गेला आणि शेवटी हा एकटा उरला. सर हे सांगताना फळ्यावर आधी सहा-सात माणसं काढत आणि डस्टरने एकेक पुसत जात. शेवटचा राहिला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता व्हायची.

लक्ष्मणांचं चरित्र आम्ही पुस्तकातून वाचलेलं नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीसाठी सर शनिवारी दुपारी जादा तास घ्यायचे, एक पैसा न घेता. आम्ही वस्तुचित्रातल्या तांब्याची छाया धरत असू आणि सर बाकांमधून फिरत बोलत असत. म्हैसूरचं घर, हेडमास्तर वडील, थोरले भाऊ आर. के. नारायण आणि भावाच्या गोष्टींसाठी धाकट्याने 'हिंदू'त काढलेली चित्रं. डेव्हिड लो या विलायती व्यंगचित्रकारावर लहानग्या लक्ष्मणांचा फार जीव होता, पण सहीतलं 'लो' त्यांना कित्येक दिवस 'काऊ' असं वाटे. आम्हाला इंग्रजी काऊ कुठला सुचायला? आम्ही कावळाच समजलो. त्यात पुन्हा लक्ष्मणांना कावळे खरोखरच प्रिय होते. त्यांनी आयुष्यभर कावळे रंगवले. त्यामुळे आमचा गैरसमज निदान वर्षभर टिकला. सरांनी तो सुधारला, पण नळाजवळ डब्यातली शितं टिपणाऱ्या कावळ्यांची वीस-वीस रेखाटनं करायला लावल्यानंतर.

खोलीत ब्रश बुडवायचं पाणी एशियन पेंट्सच्या रिकाम्या डब्यात असायचं. डब्यावरचा, कपाळावर केस आलेला तो ब्रशवाला खट्याळ पोरगा, गट्टू, हाही लक्ष्मणांनीच १९५४ साली काढला, हे सरांनी सांगितलं त्या दिवशी आम्ही डबे घासून लख्ख केले होते.

आता पानाची गोष्ट. म्हैसूरच्या शाळेत मास्तरांनी मुलांना एक पान काढायला सांगितलं. लक्ष्मणांनी पिंपळाचं काढलं आणि मास्तरांनी त्याची मनापासून वाखाणणी केली. आपण चित्रकार होणार, हे त्या मुलाच्या मनात तेव्हापासून बसलं. हे सांगून सरांनी आख्खा वर्ग टाकीजवळच्या पिंपळाखाली पाठवला. मी जमिनीवरचंच एक पान उचललं. किडीने खाल्लेलं, चाळणी झालेलं. चित्र मात्र काढलं हिरवंगार, लांब टोकाचं, कॅलेंडरवर शोभेल असं. माझीही वाखाणणी होणार याची खात्री होती. सरांनी खरं पान चित्राशेजारी ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "भोकं कुठं गेली?"

एवढंच. रागावले नाहीत. मी पुन्हा बसलो. भोकाभोवतीची तपकिरी कड, शिरा कुठे तुटतात आणि कुठे टिकतात, हे बघण्यात संध्याकाळ झाली. त्या पानाला सरांनी शाबासकी दिली की नाही ते आता आठवत नाही. प्रश्न आठवतो.

तो प्रश्न त्यांनी मला आणखी एकदा विचारला. नववीत हस्तलिखितासाठी मी पहिलं व्यंगचित्र काढलं. आपले शिपाईमामा दुपारी दोनच्या सुमाराला स्टुलावर पेंगायचे. मी त्यांना घोरताना दाखवलं, तोंड उघडं, टोपी नाकावर, आणि वर घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. वर्गात हशा पिकला. माझी मान ताठ झाली. सरांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "रेघ चांगली आहे. भोकं कुठं गेली?" मग म्हणाले, "उद्यापासून आठवडाभर मामांबरोबर राहायचं. पहाटेपासून."

मी गेलो. मामा पाचला यायचे. हौदावरून पाण्याची पिंपं भरायची, अठरा वर्ग झाडायचे, मैदानावर सडा घालायचा, सहाच्या आत कचेरीचं कुलूप काढायचं. सकाळच्या सत्राची पहिली घंटा सातला. आपल्यासाठी शाळा सुरू व्हायची तेव्हा त्यांचं निम्मं काम झालेलं असे. आणि ती खळ. सरांच्या चित्रांसाठी ते घरच्या पिठाची खळ करून आणत, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातांची चित्रं काढू लागलो. तळहाताला पडलेले घट्टे, रूळ ठोकून वाकडी झालेली करंगळी. सहाव्या दिवशी मी माझं चित्र सरांकडून परत मागून घेतलं.

दुसरं चित्र असं होतं. तपासणीला शिक्षणाधिकारी आलेत. प्रत्येक दाराआडून घाबरलेला एकेक चेहरा डोकावतोय, कोणी फाइल शोधतंय, कोणी टाय बांधतंय, आणि मध्ये मामा हातोडा घेऊन ताठ उभे. बोलत नाहीत. सगळ्या चित्रात शांत चेहरा त्यांचा एकट्याचा. ते चित्र हस्तलिखितात गेलं, पान ३१ वर. मामांनी ते घरी नेऊन बायकोला दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं.

लक्ष्मणांनी पंतप्रधानांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांची टोपी उडवली, पण त्या चौकडीच्या कोटाची कधी नाही, हे सरांनी मला तेव्हा दाखवलं. रजिस्टरं उघडून एकेका पानावर बोट ठेवून. आमच्या धंद्यावर पुढे मी बरंच काही वाचलं, ऐकलं. त्या दुपारी जे कळलं त्याच्या पुढे मी फारसा गेलेलो नाही.

मार्च १९८४ मध्ये दहावी झालो. त्याच वर्षी लक्ष्मणांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बातमी कळल्यावर सरांनी शाळेत पेढे वाटले, जणू घरातलं कार्य. मला चित्रकलेच्या एका महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेला होता आणि मी काकांच्या दुकानात बसू लागलो होतो. सरांचं पोस्टकार्ड आलं. एका बाजूला पेनाने काढलेलं पिंपळाचं पान, भोकांसकट. दुसऱ्या बाजूला दोन ओळी: 'जे. जे.ने लक्ष्मणांनाही घेतलं नव्हतं. रोज एक काढ.' तरुण लक्ष्मणांच्या चित्रांत प्रवेशापुरती गुणवत्ता दिसली नाही म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांना नकार मिळाला आणि पुढे त्याच संस्थेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. मधल्या काळात ते म्हैसूरला बी. ए. झाले, मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बाळ ठाकरे यांच्याबरोबर काम केलं आणि १९४७ साली 'टाइम्स'मध्ये गेले. ते कार्ड आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मी रोज एक काढलं. पाट्या रंगवल्या, लग्नपत्रिका लिहिल्या, पण रोज एक काढलं. १९९९ साली नोकरी लागली तेव्हा पहिलं छापून आलेलं चित्र घेऊन सरांकडे गेलो. निवृत्तीला सात वर्षं झाली होती त्यांना. चष्मा लावून त्यांनी विचारलं ते तेच: "तो कुठं उभा आहे?"

२६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात लक्ष्मण गेले. २००३ च्या आजारात त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, तरी उजव्या हाताने ते काढत राहिले होते. सर तेव्हा ८१ वर्षांचे. रात्री त्यांचा फोन आला, "मी पहाटेच्या गाडीने येतोय." पुण्याच्या सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेत सामान्य माणसाचा जो ब्राँझचा पुतळा आहे, त्याच आवारात अंत्यदर्शनाची सोय होती. सर काठी टेकत रांगेत उभे राहिले. खुर्ची देऊ केली ती घेतली नाही. दर्शन झाल्यावर पुतळ्यासमोर थांबले, मान वर करून खूप वेळ बघत राहिले. आयुष्यभर ज्याला इंचा-इंचाच्या चौकोनात पाहिलं तो आता त्यांच्याहून उंच होता. परतीच्या वाटेवर रिक्षात ते काही बोलले नाहीत. माझा हात मात्र हातात धरून बसले होते. तीन वर्षांनी सर गेले.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. चित्रकलेची खोली पाडून तिथे संगणक कक्ष झालाय. संगणक हवेतच, मी स्वतः आता काचेच्या पाटीवर चित्र काढतो. पण चित्रकलेचा तास आठवड्याला एकच उरलाय आणि तोही बऱ्याचदा दुसऱ्या विषयाला जातो, हे ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडेही तेच चाललंय. पहिल्या पानावरचा चौकोन आधी आतल्या पानात गेला, मग रविवारपुरता उरला. न्यूयॉर्क टाइम्सने तर जुलै २०१९ पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं बंदच केली. माझ्या जागेवर मी निवृत्त झाल्यावर कोणी येईल असं दिसत नाही. आपल्या शाळेतून एखादं पोर आलं तर मी त्याला रोज एक तास देईन. हे इथे छापलं जातंय म्हणून जबाबदारीने लिहितो.

आणि एक. सरांच्या मुलीने त्यांची सगळी रजिस्टरं माझ्याकडे दिली आहेत. एकूण अकरा. समारंभाच्या दिवशी येताना ती घेऊन येतो. वाचनालयात कडुनिंबाचा पाला घातलेलं एक बंद कपाट मिळावं, एवढी मुख्याध्यापकांना विनंती. खळीमुळे कसर लागली आहे आणि बरीच पानं खाल्ली गेली आहेत. बांधणी नवी करून घेतली, तारखा तपासल्या. भोकं तशीच ठेवली आहेत.