वाट बदललेला कंटेनर

२०२४ चा जानेवारी. तासगावला आमच्या पॅकहाऊसमध्ये युरोपला जाणारा द्राक्षांचा कंटेनर भरायची लगबग चालली होती, तेवढ्यात शिपिंग एजंटचा फोन आला. येमेनचे हुती बंडखोर जहाजांवर हल्ले करताहेत, म्हणून जहाज लाल समुद्रातून जाणार नाही, आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅम गाठणार. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडंही वाढलेलं.

माल सावळजच्या अण्णांचा. ते शेजारीच उभे होते. "आपण त्या येमेनवाल्यांचं काय घोडं मारलंय ओ?"

मी या देशाच्या बातम्या कितीतरी वर्षं वाचत आलोय, त्यामुळे सांगत बसलो. सप्टेंबर २०१४ मध्ये हुतींनी राजधानी सना घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदीने बॉम्बफेक सुरू केली. हुतींच्या पाठीशी इराण. इराणने शस्त्रं दिल्याचं कधी मान्य केलं नाही, पण हुतींच्या क्षेपणास्त्रांत इराणी बनावटीचे भाग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना सापडले. वर्चस्वाची ओढाताण रियाध आणि तेहरानची, मेली येमेनची माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२१ अखेर ३ लाख ७७ हजार, आणि त्यातली निम्म्याहून जास्त गोळीने नव्हे तर भुकेने, रोगराईने.

"तिथंही द्राक्षं होतात अण्णा. सनाच्या आसपास. बेदाणाही करतात."

"मग बागांचं काय झालं?"

विहिरीच्या पंपाला डिझेल मिळेना, हे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. पाण्यावाचून बाग काढायची वेळ आपल्या भागानं पाहिली आहे.

मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "पण त्या दोघांचं मिटलं होतं ना?"

मिटलं होतं. १० मार्च २०२३ ला बीजिंगमध्ये सौदी आणि इराणने संबंध पुन्हा जोडले. पण दोन बड्यांनी हात मिळवले म्हणून तिसऱ्याच्या घरात साठलेली शस्त्रं कोणी परत नेत नाही. गाझाचं कारण देऊन हुतींनी नोव्हेंबरपासून त्याच बळावर जहाजं गाठायला सुरुवात केली, आणि १२ जानेवारीला अमेरिका-ब्रिटनचे बॉम्ब पुन्हा येमेनवरच पडले. शेजाऱ्याला मोहरा करणाऱ्या दोघांनाही मी यात दोषी धरतो.

आम्हाला मात्र दुपारच्या आत निर्णय घ्यायचा होता. प्रीकूलिंगच्या थंड खोलीतले पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, काढून अण्णा आणि मी घड तपासायला बसलो. देठ वाकवून पाहायचा, मणी चिमटीत दाबायचा. वरच्या प्लॉटचा देठ हिरवागार, मणी टणक. तो माल लांबचा प्रवास काढेल याची खात्री वाटली. खालच्या प्लॉटचा मणी किंचित मऊ लागत होता. द्राक्षं कुजू नयेत म्हणून पेटीत ठेवतात ते पॅड नीट असले तरी एवढे दिवस तो टिकला नसता.

"तो काढा," अण्णाच म्हणाले.

अर्धा कंटेनर दुसऱ्या बागायतदाराच्या मालाने भरला. खालच्या प्लॉटची द्राक्षं संध्याकाळी लोकलच्या व्यापाऱ्याला गेली, एक्स्पोर्टच्या दरापेक्षा बरीच खाली.