शालीत अडकलेलं तण

हरिद्वार ते जोशीमठ या प्रवासाबद्दल मी फार लिहीत नाही. अख्खा दिवस गेला, वाटेत चार प्रयाग लागले आणि कर्णप्रयागच्या पुढे मला गाडी लागली, एवढंच. सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल, त्यातही दुपारबद्दल.

जोशीमठाजवळ, पैनखंडा भागात सलूड आणि डुंग्रा ही जोडगावं आहेत. तिथे दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस भूमियाळ देवतेच्या देवळाच्या अंगणात रम्माण होतं. मुखवटे, नाच, जागर आणि रामायण, सगळं उघड्यावर. २००९ साली युनेस्कोने ते मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला मात्र तिथे ओढून नेलं बोहाड्याने, आमच्याकडच्या मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाने. माझं माहेर मोखाड्याकडचं. संबळ-पिपाणीचा आवाज, टेंभ्यांचा उजेड, पहिलं गणपतीचं सोंग येतं तेव्हा हात जोडणारी आई आणि नरसिंहाचं सोंग येईपर्यंत झोपायचं नाही असं ठरवून तिच्या मांडीवर झोपून गेलेली मी. हिमालयातल्या एका गावातही असेच मुखवटे निघतात, हे कळल्यापासून मला चैन नव्हतं.

सकाळी जीपने निघालो तेव्हा जोशीमठातल्या काही भिंतींवरच्या भेगा आणि लाल फुल्या दिसल्या. २०२३ च्या जानेवारीत या गावाची जमीन खचली तेव्हाच्या. चालक काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. वर जाताना बुरांस लालभडक फुलला होता.

अंगणात पोचलो आणि माझा पहिला अर्धा तास वाया गेला. वाया मीच घालवला. बाहेरून आलेल्यांची एक रांगच्या रांग कॅमेरे, मोबाईल घेऊन अगदी पुढे उभी होती आणि मीही त्या रांगेत घुसले. सूर्याचा नाच झाला, ब्रह्मा आणि गणपतीच्या जन्माचा झाला, आणि मी ते सगळं सहा इंचाच्या काचेत पाहिलं. मग मागून कुणीतरी शालीचं टोक ओढलं. वळून बघते तर दगडी पायरीवर गावातल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, आणि आमच्या पाठींखेरीज त्यांना काहीच दिसत नव्हतं. शाल ओढणाऱ्या आजी शांतपणे म्हणाल्या, "बेटी, बैठ जा. हम भी तो देखें."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे अंगण त्यांचं, देव त्यांचा, आत नाचणारी पोरं त्यांची. आणि आम्ही त्यांच्यापुढे भिंतीसारखे उभे. मी बसले. आजींनी सरकून मला जागा दिली, अंगावरच्या घोंगडीचा अर्धा भाग माझ्या मांडीवर टाकला. ऊन होतं तरी दगड गार होता. बाकीची रांग मात्र शेवटपर्यंत हलली नाही. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तिथे गेलात तर बसा. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

खरं रम्माण मला त्या पायरीवरून दिसलं.

इथल्या रामायणात संवाद नाहीत. ढोल-दमाऊंच्या तालावर पावलं पडतात, आणि त्या तालांत नि पावलांत कथा असते. एकूण ३२४ ताल आणि पावलं, असं म्हणतात. सुरुवातीला मला कशाचा काही पत्ता लागेना. पावलं पुढे, मागे, एक गिरकी, पुन्हा मागे. आजींना ते सगळं वाचता येत होतं. त्या माझ्या गुडघ्यावर दोन बोटांनी ताल धरायच्या, ताल बदलला की बोटं थांबायची आणि कानाशी एकच शब्द यायचा. "स्वयंवर." मग बराच वेळ नुसती बोटं. "वनवास." मग पुन्हा बोटं. एकदा बोटं भराभर पडायला लागली, ढोल हलका झाला, नाचणारा उजवीकडे झुकून तिरका धावला आणि आजी म्हणायच्या आधीच मला कळलं. हरिण! सोन्याचं हरिण! मी मोठ्याने "हरिण" म्हटलं, मराठीतच. आजी खुदकन हसल्या आणि शेजारणीला काहीतरी गढवाळीत सांगितलं. मग चारपाच जणी माझ्याकडे बघून हसल्या. एवढा आनंद मला कुठल्या नाट्यगृहात महागडं तिकीट काढून झालेला आठवत नाही.

रामकथेच्या अधूनमधून दुसरीच माणसं येतात. म्वार-म्वारीण हे म्हशी राखणारं जोडपं. त्यांच्यावर वाघ धावून येतो तेव्हा लहान मुलं आईला चिकटतात. बनिया-बनियाइन या व्यापारी जोडप्याला चोर लुटतात. मग ‘माल’ म्हणवणारे चार नर्तक येतात, आणि गोरख्यांशी झालेली लढाई होते. गढवालवर १८०४ ते १८१५ गोरख्यांची सत्ता होती. दोनशे वर्षांपूर्वीचा तो मार या अंगणात अजून ताजा आहे, हे बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून समजत होतं. देवांच्या मधोमध म्हशी, चोर आणि लढाई. बोहाडा बघत वाढलेल्या माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही.

ढोल वाजवणारे, दास समाजाचे लोक मला सगळ्यात जवळून दिसले. त्यातल्या एका काकांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती आणि ती दुपारपर्यंत काळी पडली होती. ते क्वचितच वर बघत. नर्तकाचं पाऊल चुकलं तर त्यांना ते न बघता समजायचं. ते तोच ताल पुन्हा धरायचे आणि नर्तक परत रांगेत यायचा. अख्खं रम्माण त्या हातांवर उभं आहे. जातीच्या उतरंडीत हे लोक सगळ्यात खालचे मानले गेले, आणि रम्माण चालू असताना त्यांना मान मिळतो, असं मी जायच्या आधी वाचलं होतं. "चालू असताना" हे शब्द तिथे बसल्या बसल्या मला टोचत राहिले. आपल्याकडेही संबळ वाजवणाऱ्याचं घर गावात कुठे असायचं, ते मला माहीत आहे.

दुपारी मला बाथरूमला जायचं होतं आणि कुणाला विचारावं कळेना. आजींनी चेहऱ्यावरून ओळखलं. हाताला धरून घरी नेलं, वर चहा पाजला. परत येताना एक बंद दार दाखवून म्हणाल्या, यंदा देव इथे असतात. भूमियाळ देवता वर्षभर कुणाच्या घरी राहणार ते गावाची पंचायत ठरवते आणि त्या घराला वर्षभर कडक नेम पाळावे लागतात. आजी पदर सावरून दारापुढे थांबल्या, मीही थांबले.

आणि मग कूरजोगी आला.

त्याच्या खांद्यावर पोतं, आणि पोत्यात गावच्या शेतांतून उपटलेलं तण. कूर म्हणतात त्याला. खरखरीत, कपड्याला धरून बसणारं. जोगी अंगणात फिरला आणि बघता बघता सगळं गाव ते तण एकमेकांवर फेकायला लागलं. म्हातारे, पोरं, सुना, सासवा. निंदणी हे किती कंटाळवाणं काम, कंबर मोडून जाते. ते काम इथे एका खेळाचा भाग होऊन बसलं आहे, हे लक्षात आलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भातखाचरात वाकलेली आईच दिसली मला. तेवढ्यात एक मूठभर कूर माझ्या मानेवर येऊन पडलं. मागे बघते तर आजी! दुसरी मूठ तयारच होती. मीही खालचं उचललं आणि त्यांच्यावर टाकलं. कॅमेऱ्यांच्या रांगेवर कुणी काही फेकलं नाही.

शेवटी नरसिंह आला. हा मुखवटा फक्त भंडारी घराण्यातल्यांनीच घालायचा असतो. पायरीवरचं हसणं-बोलणं एकदम थांबलं. या वेळी मी जागी होते.

संध्याकाळी प्रसाद घेतला, आजींच्या पाया पडले, जीपने जोशीमठ. पुढचे तीन दिवस औलीत बघण्यासारखं होतं ते बघितलं.

घरी आल्यावर शाल तशीच माहेरी घेऊन गेले. आई ओट्यावर बसून एकेक काडी वेचून काढत होती आणि मी सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नरसिंहाचं सोंग कुणाच्या घरात आहे तिथं?"

"भंडाऱ्यांच्या," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि वेचलेल्या काड्या तिने पदरात गोळा केल्या.