खारीचा कान

आमच्या गल्लीतल्या कुत्रीचा डावा कान टोकाला कापलेला आहे. पूर्वी टीसी पुठ्ठ्याच्या तिकिटाला चिमटा मारायचा ना, तसा नेमका, त्रिकोणी. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की आठवडाभरात कुणीतरी थांबतं आणि हळहळतं, "अरेरे, कुणी केलं हो हे?" इस्त्रीवाले दादा शर्टाच्या कॉलरवरून मान न उचलता माझ्याकडे बोट दाखवतात. "ह्या ताईंनी."

आणि ते खोटं नाही.

कुत्रीचं नाव खारी. सकाळी साडेसहाला सायकलच्या मागे पत्र्याची ट्रंक बांधून खारी-बटरवाला येतो. मी दोन खारी घेते. एक माझ्या चहात बुडते, दुसरी फाटकाबाहेर जाते. कुत्रीचा रंगही तोच, भट्टीत जरा जास्त राहिलेल्या पदरांसारखा. पाच वर्षं हा क्रम एक दिवस चुकला नाही. ती दोन उड्यांत खारी संपवायची आणि शेपटी अशी हलवायची, की मी घरात शिरताना मला माझाच हेवा वाटायचा. मी चांगली बाई आहे, ही खात्री एका खारीच्या किमतीत रोज सकाळी मिळत असेल तर कोण सोडेल?

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस बाबा म्हणून. कीर्तनात इथे टाळ जोरात वाजतात. मीही हातातल्या खारीच्या जोरावर स्वतःला त्याच वारीत परस्पर घुसवून घेतलं होतं. त्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी कुणी घातलं, त्याला पुढे पिल्लं किती झाली, शेजारच्या पोराला ते चावलं का, हे कीर्तनात येत नाही. यायला नकोच. माझ्या गल्लीत मात्र ते सगळं आलं.

पाच वर्षांत खारी पाच-सहा वेळा व्याली. नक्की आकडा मला सांगता येत नाही, कारण मी मोजायचं टाळायचे. कुत्री व्याली की तिला गुळाचा शिरा करून घालायचा, ही माझ्या आजीची रीत. ती मी निष्ठेने पाळली. जिन्याखाली खोका ठेवला, जुनी सतरंजी घातली, पिल्लांचे फोटो काढून स्टेटसला लावले, "कुणाला हवं असल्यास कळवा." बदाम चाळीस-पन्नास यायचे, माणूस एकही यायचा नाही. मग पाचाची चार व्हायची. एक कुणाच्या तरी गाडीच्या मागच्या चाकाखाली. चाराची दोन व्हायची, पावसात, जुलाबाने. उरलेली कधीतरी दिसेनाशी व्हायची, आणि "कुणीतरी नेली असतील" असं मी स्वतःला सांगायचे. फार सोयीचं वाक्य आहे ते.

गेल्या जुलैत ती पुन्हा व्याली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू, सात वर्षांचा, चेंडू आणायला जिन्याखाली वाकला. पिल्लं आठवड्याची होती. एरवी ज्या कुत्रीच्या पाठीवर तो पाय देऊन जायचा, तिने त्याच्या पोटरीला दात लावले. फाडलं नाही, धरून सोडलं. रक्ताचे दोन ठिपके.

काकू हळद घेऊन धावल्या. वरून कुणीतरी तिखट भरा म्हणालं, कुणी चुना. माझ्या डॉक्टर मैत्रिणीने फोनवर एवढंच सांगितलं, "काही भरू नका. वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग लगेच दवाखाना." पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे रडणाऱ्या पोराचा पाय मोरीत नळाखाली धरून बसल्याशिवाय कळत नाही. कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी झिजली. सहाव्या मिनिटाला तो रडायचा थांबला आणि म्हणाला, "मावशी, खारीला मारणार का?"

काकूंचा चेहरा वेगळ्याच कारणाने उतरला होता. त्यांच्या लहानपणी त्यांच्या भावाला चौदा इंजेक्शनं बसली होती, बेंबीभोवती. आता ती पद्धत राहिलेली नाही, लस दंडात देतात. शिवाय रक्त आलेलं असलं तर जखमेतच टोचायचं वेगळं सीरम असतं. नातवाच्या कार्डावर डॉक्टरांनी तारखा लिहून दिल्या: आजचा दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. कार्ड काकूंच्या फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली लागलं. रिक्षातून परत येताना काकू म्हणाल्या, "तू खायला घालतेस तेव्हा ती तुझी, आणि चावली की महापालिकेची, असं कसं गं?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तोवर काकू म्हणजे माझ्या लेखी गल्लीतल्या कजाग बाई होत्या, काठी आपटून खारीला हाकलणाऱ्या. काठीमागे त्या भावाची चौदा इंजेक्शनं आहेत, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी विचारलंच कुठे होतं?

पुढचे दहा दिवस मात्र बघण्यासारखे होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्री नजरेसमोर ठेवा. चावताना तिच्या लाळेत रेबीज असेल, तर ती दहा दिवसांच्या आत आजारी पडते, मरते. दहा दिवस धडधाकट राहिली तर निर्धास्त व्हा. इंजेक्शनं अर्थात चालू ठेवायची. झालं! खारी दिसली की काठी आपटणाऱ्या काकू आता उठल्याबरोबर देवाआधी गॅलरीत. "अगं, आहे ना ती? खाल्लं का? पाणी पिते का नीट?" चौथ्या दिवशी ती दुपारपर्यंत दिसली नाही, तर काकूंनी वॉचमनला गल्लीभर पिटाळलं. ती इस्त्रीच्या हातगाडीखाली झोपली होती. सातव्या दिवशी मी खाली आले तर काकू दूधपोळी कालवलेला वाडगा घेऊन फाटकाशी उभ्या. मला बघून ओशाळल्या. "माझ्या नातवासाठी करते हो, हिच्यासाठी नाही." त्या दहा दिवसांत खारीच्या तब्येतीची चौकशी या शहरात सर्वांत जास्त त्या बाईने केली असेल, जिला ती डोळ्यांसमोर नको होती.

दहावा दिवस सुखरूप गेला आणि दोन-चार दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर भडका उडाला. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. दिल्लीतला आदेश, पण आमच्याकडे तो जणू खारीच्या नावानेच निघाला होता. एका बाजूला "उचला सगळी", दुसऱ्या बाजूला भूतदयेची सुभाषितं, मध्ये कुणाचे तरी गुड मॉर्निंगचे गुलाब. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचलली तिथेच सोडा. पिसाळलेली आणि अंगावर येणारी मात्र सोडू नका. खायला ठरलेल्या जागीच घाला. पुढे नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हटवायचा आणि तिथे परत न सोडायचा आदेश आला. प्रत्येक वेळी आमचा ग्रुप आपणच जिंकलो असं समजून फटाके लावायचा, दोन्ही बाजूंनी.

एक आजोबा रोज लिहायचे, पूर्वी बरं होतं, मारून टाकायचे. पूर्वीचं म्हणाल तर १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने हेच केलं होतं. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांसाठी शिपाई अंगणातून कुत्री ओढून न्यायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला केवढा मान! ऐन सणाच्या दिवशी फोर्टात दंगल पेटली, बाजार बंद पडला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला मुक्या जनावरांच्या निवाऱ्यासाठी पांजरपोळ काढला. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल आजोबांनी अंगठा पाठवला. वर की खाली, ते चष्म्याशिवाय मला दिसलं नाही.

ग्रुपवर महिनाभर भांडून झाल्यावर लक्षात आलं, की आमच्यापैकी एकानेही महापालिकेला फोन केलेला नाही. मी तर नाहीच. पाच वर्षं रोज सकाळी फाटकापर्यंत जाणाऱ्या बाईला तो एक फोन सुचला नव्हता, की सुचून नको होता? फोन केला की ती आपली झाली ना.

फोन लागायला चार दिवस गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून महापालिकेने नेमलेल्या संस्थेकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पिल्लं अंगावर पितात का? पीत असतील तर थांबा. तोवर पाचातली दोन उरली होती. एक इस्त्रीवाले दादा गावी शेतावर घेऊन गेले. दुसरं, काळं, वॉचमनच्या खोलीत चपला खाऊन वाढत होतं. दिवाळी झाली आणि गाडी आली.

पहिल्या दिवशी खारीने गाडी गल्लीच्या तोंडाशी आल्याबरोबर ओळखली आणि भिंतीवरून पसार झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जाळीवाला पोरगा, वीस-बावीसचा, पायात स्लीपर, मनगटावर जुन्या चाव्याचे व्रण, मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं येते ना ती? तुम्ही हाक मारा. आम्ही मागं उभे राहतो."

मी हातात खारी घेतली. हाक मारली. ती आली, रोजच्यासारखी, शेपटी हलवत, कान मागे टाकून. खारी तोंडात धरली आणि जाळी पडली. तो आवाज मी लिहिणार नाही. खारीचे पदर जाळीत अडकून चुरा झाले होते आणि त्यातून ती माझ्याकडे बघत होती. गाडी गेल्यावर काकू माझ्याजवळ आल्या, चुरा झाडूने गोळा केला आणि म्हणाल्या, "चहा टाकते. वर ये."

माझी बहीण म्हापशाला असते. तिला हे रात्री फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे तर हे वर्षानुवर्षं चालू आहे. जाळी टाकतात, लस टोचतात, अंगावर रंगाची खूण करून सोडून देतात. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं ते असंच, कुत्री टोचून टोचून. "आणि हाक कोण मारतं?" मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही.

पाचव्या दिवशी खारी परत आली, पोटावर टाक्यांची रेघ आणि कानाला खाच घेऊन. खाच भुलीतच मारतात. लांबून कळावं म्हणून, की हिचं झालंय, हिला पुन्हा धरून पुन्हा पोट फाडू नका. आणि तिथेच का सोडायची, तर जागा रिकामी पडली की शेजारच्या गल्लीतली, नसबंदी न झालेली येतात. खरकटं तर गल्लीत आहेच. खारी आहे तोवर परकं कुत्रं आमच्या कोपऱ्यावरून पुढे येत नाही. एवढं मी आता कुणालाही घडाघडा सांगते. ग्रुपवरच्या आजोबांनाही सांगितलं. लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत. ते बिचारे अडकले होते.

फक्त खारी माझ्याकडे येत नाही. गाडीचं दार उघडलं तेव्हा ती माझ्या समोरून सरळ पळत जाऊन हातगाडीखाली शिरली. सहा-सात महिने झाले. मी सकाळी खारी घेऊन उभी राहते, ती दहा फुटांवर बसून राहते. ठेवून मी फाटकाच्या आत गेले की येऊन खाते, पण शेपटी हलत नाही. पूर्वी ही शेपटीच तर मी विकत घेत होते. काकूंच्या हातून मात्र खाते. वाडगा ठेवायची जागा आता ठरली आहे, वॉचमनच्या खोलीमागे, पोरांच्या खेळण्यापासून लांब. नातू लांबून तिच्याशी गप्पा मारतो. काठी अजून काकूंच्या दाराशी असते. ती त्यांच्या गुडघ्यांसाठी आहे म्हणतात.

काळं पिल्लू आता सहा महिन्यांच्या पुढे गेलंय. मादी आहे. तिचा नंबर याच महिन्यात लावलाय. खारीच्या लसीला दिवाळीनंतर वर्ष होईल, म्हणजे तेव्हा पुन्हा गाडी, पुन्हा जाळी. कॅलेंडरवर दोन्ही तारखांना काकूंनी लाल पेनाने गोल केलाय. हाक कुणी मारायची, यावर आमचं अजून ठरत नाही. काकू म्हणतात, "तुझ्यावर नाहीतरी रागावलेलीच आहे, तूच मार." मी म्हणते, पण आता ती तुमच्याच हाकेला येते ना.