बाजाराच्या दिवशीचा नकाशा

निफाड तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कांद्याच्या पट्ट्यातलं बाजाराचं गाव, गावापेक्षा बाजार मोठा. एका अंगाला लासलगाव, दुसऱ्या अंगाला पिंपळगाव बसवंत, त्यामुळे बाहेरच्यांना हे नाव सहसा ठाऊक नसतं. पण सकाळी आठला मुख्य रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा इथे किती गावं येऊन मिळतात ते कळतं.

मी नाशिकहून तिथे जायचे ती गावाच्या आराखड्यासाठी. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात ग्रामपंचायतीने दरवर्षी विकास आराखडा करायचा असतो. त्यासाठी लोकांना एकत्र बसवणं, बोलतं करणं हे माझं काम. बहुतेक ठिकाणी आराखडा म्हणजे गटार, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांची यादी. इथले सरपंच मात्र म्हणाले, ‘ताई, वर्षाची यादी नंतर करू. वीस वर्षांनी हे गाव कसं असावं, ते आधी सगळ्यांनी मिळून ठरवू.’ असं म्हणणारा सरपंच भेटला की मला दहा हत्तींचं बळ येतं.

पहिली सभा नोव्हेंबरात शाळेच्या पटांगणावर झाली. ग्रामसभेच्या गणपूर्तीला शंभर मतदार पुरतात, इथे त्याहून कितीतरी जास्त आले होते. आणि दोन तासांत सभा मोडली.

मोडली ती बाह्यवळण रस्त्यावरून. मुख्य रस्त्याच्या कडेला राहणारे म्हणत होते, ट्रॅक्टर गावाबाहेरून काढा. पोरं शाळेत जाताना जीव मुठीत धरून जातात, घरातल्या भिंती धुळीने माखतात. दुकानदारांचं म्हणणं याच्या उलट. शेतकरी कांदा विकतो, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब घेतो आणि जाता जाता किराणा, कापड, पाइप, औषधं घेऊन जातो. रस्ता बाहेरून गेला की दुकानांत माश्या मारत बसायचं. एका वयस्कर कापड दुकानदाराने सांगितलं ते माझ्या मनात राहिलं. नोटाबंदीनंतर पट्टीचे पैसे चेकने मिळू लागले, तेव्हापासून शेतकऱ्याच्या खिशात त्या दिवशी रोकड नसते, गिऱ्हाईक तिथेच अर्धं तुटलं. पुढे २०२३ च्या डिसेंबरात कांद्यावर निर्यातबंदी आली, ती २०२४ च्या मेपर्यंत राहिली. ते महिने आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक, असं म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. त्यावर समोरून कोणीतरी ‘तुमच्या गल्ल्यासाठी आमची पोरं मरायची का’ असं बोललं आणि माणसं उठून निघाली.

परतीच्या बसमध्ये मी हजेरीचं रजिस्टर चाळत होते. चांदोरी जवळ आली असेल. सगळी नावं गावातली, मतदार यादीतली. दोन तास आम्ही ट्रॅक्टरवर भांडलो होतो आणि ट्रॅक्टर चालवत बाजाराला येणारा एकही माणूस त्या सभेत नव्हता. भाजीवाल्या नव्हत्या, एसटी स्टँडवर तास न् तास बसणाऱ्या कॉलेजच्या मुली नव्हत्या. बाजाराचं गाव ज्यांच्यामुळे आहे ती माणसं आजूबाजूच्या खेड्यांतली. त्यांना बोलवायचं माझ्याच मनात आलं नव्हतं. ही चूक माझी होती आणि ती मला फार लागली.

सरपंचांना फोन करून म्हटलं, गुरुवारी आठवडे बाजार आहे, नकाशा बाजारातच काढू. ते जरा थांबले. ‘बाहेरगावच्या लोकांनी आपल्या गावाचं काय ते सांगायचं?’ हा प्रश्न चुकीचा नव्हता. कायद्याने ग्रामसभा गावच्या मतदारांचीच असते. शेवटी म्हणाले, ‘विचारा. ठराव मात्र ग्रामसभाच करील.’ मला तेवढं पुरेसं होतं.

गुरुवारी सकाळी बाजार समितीचं गेट आणि भाजीबाजार यांच्यामधल्या मोकळ्या जागेत शाळेतल्या मुलांनी फक्कीने गाव रेखाटलं. मुख्य रस्ता जाड, गल्ल्या बारीक, स्टँडला विटांची भुकटी, ओढ्याला निळी रांगोळी. मक्याची आवक चालू होती, यार्डातून पायलीभर मका आणला, किराणा दुकानातून हरभरा. गावातल्या माणसाला हरभऱ्याचे पाच दाणे, बाहेरगावच्या माणसाला मक्याचे पाच. जिथे काही बदलायला हवं असं वाटतं, तिथे दाणा ठेवायचा आणि का ते सांगायचं.

पहिला तास कोणी फिरकलं नाही. मग लिलावाचं पहिलं सत्र आटोपलं आणि पंचावन्न-साठीचे एक शेतकरी बाबा येऊन उभे राहिले. पोळ, म्हणजे खरिपाचा कांदा विकून आले होते, बोटांना अजून माती होती. म्हणाले, ‘पोरी, दाणे राहू दे, मला काठी दे.’

काठीने त्यांनी आपली वाट काढायला सुरुवात केली. पहाटे या तोंडाने गावात शिरलो, मुख्य रस्त्याने यार्डात. बोली झाली. मग भरला ट्रॅक्टर भुईकाट्यावर, तो स्टँडच्या पलीकडे, म्हणजे पुन्हा मुख्य रस्ता. वजन झालं की व्यापाऱ्याच्या खळ्यावर, ते गावाच्या या टोकाला, पुन्हा तोच रस्ता. खळ्यावर खाली झालो की रिकामं वजन करायला परत काटा. मग हिशेबपट्टी घ्यायला यार्डाशेजारच्या गाळ्यात. ‘मोज आता, किती खेपा झाल्या.’

आम्ही मोजल्या. एक ट्रॅक्टर एका दिवसात मुख्य रस्त्यावरून सहा वेळा जात होता, येणं-जाणं धरून. फक्कीच्या रेषेवर काठीच्या ओरखड्यांचा नांगरलेल्या तासांसारखा पट्टा पडला होता. पाठीमागे गर्दी जमली होती, तिच्यात पहिल्या सभेतले दोन्ही बाजूंचे लोक होते आणि कोणी बोलत नव्हतं. गावातून आरपार जाणारी वाहनं त्या रस्त्यावर थोडीच होती. गर्दी होती ती गावातल्या गावात फिरणाऱ्या ट्रॅक्टरची. बाह्यवळण झालं असतं तरी यांतल्या बहुतेक खेपा तशाच राहिल्या असत्या. बाबा म्हणाले, ‘खळ्यांच्या बाजूला एक काटा करा अन् ट्रॅक्टर उभा करायला पडीक जागा द्या. मी बाजाराला पायी येईन, सावकाश येईन. आता तर पोराला ट्रॅक्टरवर बसवून पळत सौदा घ्यावा लागतो.’ कापड दुकानदार शेजारीच उभे होते. त्यांनी खाली वाकून आपले पाचही हरभरे खळ्यांच्या बाजूला ठेवले.

एवढी वर्षं मी नकाशे काढून घेतले आहेत, पण असं काही घडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी भाजीवाल्या आल्या, एकेक करून, शेजारणीला पाटी सांभाळायला सांगून. मका पडू लागला तो दोनच ठिकाणी, पाण्याच्या टाकीपाशी आणि स्टँडच्या मागे. टाकीला तोटी नाही, स्टँडमागच्या मुतारीला दार नाही. एक मावशी म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी सकाळी चहा सोडला तर दिवसभर घोटभर पाणीही घेत नाही. गावातला एक तरुण, मनाने वाईट नव्हता, सहज बोलून गेला, ‘मावशी, तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीला सांगा ना.’

मावशींनी कमरेची पिशवी सोडली. नोटा बाजूला सारून रबर लावलेली एक गड्डी काढली आणि नकाशावर ठेवली. बाजाराच्या पावत्या होत्या. पातळ गुलाबी कागद, घामाने मऊ पडलेले, काहींवरचा शिक्का पुसून नुसता जांभळा डाग उरलेला. दर गुरुवारी जागेचे पैसे घेऊन वसुलीवाला देतो त्या. ‘आठ वर्षं बसते इथं. एक बाजार चुकवला नाही अन् एक पावती चुकवली नाही. घरपट्टी थकवणारी किती घरं आहेत तुमच्या गावात, ते विचार जाऊन.’

तो मुलगा गप्प झाला. सरपंचांनी गड्डी उचलली आणि बराच वेळ एकेक पावती उलटत राहिले.

संध्याकाळी दाणे मोजून वहीत उतरवले. हरभरा पसरलेला होता, गटार, दवाखाना, वाचनालय, ओढ्याची स्वच्छता. मका मोजक्या जागी ढिगाने होता. पण पाण्याच्या टाकीपाशी दोन्ही मिसळले होते, कारण तिथलं पाणी गावातल्या हमालांच्या बायकाही भरतात.

दुसरी ग्रामसभा पंधरा दिवसांनी झाली. नव्या काट्याचा प्रस्ताव बाजार समितीकडे पाठवायचं ठरलं, कारण ते ग्रामपंचायतीच्या एकटीच्या हातातलं काम नाही. ट्रॅक्टर उभे करण्यासाठी गावठाणालगतची एक जागा सुचली, तिच्यावरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. पाणी आणि स्वच्छतागृहाला मात्र अडचण नव्हती. तेव्हा ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. पैसे होते, पण बाजारात येणाऱ्या बायकांसाठी ते मागायला सभेत कोणी नव्हतं. वीस वर्षांच्या चित्रातलं पहिलं वाक्य मात्र वादाशिवाय मंजूर झालं, आणि ते सरपंचांनी स्वतः लिहून आणलं होतं: ‘हे गाव इथे राहणाऱ्यांचं आणि इथे बाजाराला येणाऱ्यांचं आहे.’

सभेला त्या मावशी आल्या होत्या, आणखी चौघींना घेऊन. मागे, भिंतीला टेकून बसल्या. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात पदरात घेतले. आपल्याला मत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सभा संपली, लोक चहाकडे वळले. ग्रामसेवक भाऊसाहेब इतिवृत्ताची वही घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि पेनचं टोपण काढत म्हणाले, ‘मावशी, तुमचं नाव सांगा. अन् गाव कोणतं लिहू?’