दोन पेक मिरच्या

शनिवार, ४ ऑक्टोबर

आठवडाभर घरात इंग्रजीतलं एकच जीभ अडखळवणारं वाक्य चाललंय. ‘पीटर पायपर पिक्ड अ पेक ऑफ पिकल्ड पेपर्स.’ म्हणजे पीटर पायपरने लोणच्यात मुरलेल्या मिरच्या पेकभर तोडल्या. तिसरीतल्या लेकीला शाळेत म्हणून दाखवायचंय. बुधवारी दात घासताघासता तिने विचारलं, "आई, पेक म्हणजे किती?" मी म्हटलं, "पुष्कळ." तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

उत्तर घरातच होतं. गेल्या रविवारी सफरचंदं तोडायला गेलो होतो, तिथली कागदी पिशवी कपाटात घडी करून ठेवलेली, आणि तिच्यावर छापलंय ‘पेक’. दोन वर्षं न्यू जर्सीतल्या त्याच बागेत जातेय, पण तो शब्द कधी वाचलाच नव्हता.

मग रात्री बसून शोधलं. पेक म्हणजे बुशेल या धान्य-फळं मोजायच्या जुन्या इंग्रजी मापाचा पाव हिस्सा, साधारण ८.८ लिटर. हे वाक्य लंडनमध्ये १८१३ साली एका मुलांच्या पुस्तकात छापलं गेलं. इंग्रजांनी १८२४ च्या कायद्याने नवं, जरा मोठं माप आणलं. त्यांचा पेक ९.०९ लिटरचा झाला. अमेरिकेने मात्र जुनं विंचेस्टरचं माप सोडलंच नाही. म्हणजे पीटरचा पेक आज लंडनमध्ये नाही, आमच्या कपाटात आहे! एवढ्यावरून मी रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवलं. तो ‘बरं’ म्हणून कूस बदलून झोपला.

आज सकाळी शेतावरच्या दुकानात ती पिशवी घेऊन गेलो आणि ढोबळ्या मिरच्यांनी भरली. भरताना पहिलाच वाद: शीग धरायची का? लेक म्हणे धरायची. तिचं चुकलं नव्हतं, पीटरच्या काळी फळं शीग लावूनच मोजत. इंग्लंडमध्ये ती पद्धत १८३५ साली कायद्याने बंद झाली. पण पिशवीला शीग लागेना, मिरच्या गडगडत जमिनीवर. शेवटी सपाट पेक. काट्यावर भरला सात पौंड. ढोबळी मिरची म्हणजे निम्मी हवाच.

दुपारी चिरून, व्हिनेगर-मीठ-साखरेच्या उकळत्या पाण्यात घालून बरण्या भरल्या. पिंटाच्या नऊ बरण्या झाल्या, म्हणजे सव्वाचार लिटर. पेकचं जेमतेम अर्धं! लेकीने वहीत मांडलं: लोणच्याचा एक पेक हवा असेल तर पीटरला झाडावरून दोन पेक तोडाव्या लागतील. शिवाय मुरलेल्या मिरच्या झाडाला लागतात का, हा प्रश्न आहेच. तिचं मत, त्याने त्या पिंपातून निवडून काढल्या असतील. इंग्रजीत ‘पिक’ला दोन्ही अर्थ चालतात, म्हणून तो मुद्दा मी सोडून दिला.

संध्याकाळी आईचा फोन आला. पेक ऐकून तिने लगेच विचारलं, "म्हणजे किती पायल्या गं?" दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिने नातीकडून तीनदा म्हणवून घेतलं. लेकीने तिला इकडचं ऐकवलं: दोन पिंटांचा क्वार्ट, चार क्वार्टांचा गॅलन, दोन गॅलनांचा पेक, चार पेकांचा बुशेल. "मग आमच्यासारखंच की," आई म्हणाली. पायलीचे लिटर मात्र तिने सांगितले नाहीत. "गावागणिक पायली वेगळी. माझ्या सासरची माहेरपेक्षा लहान होती," हे ती आजही तक्रारीच्या सुरात सांगते.

मग बरण्या बघायच्या म्हणून व्हिडिओ लावायला लावला. बराच वेळ निरखून म्हणाली, "तेल दिसत नाही गं वर. मोहरी फेसून घातलीस ना?"

मी म्हटलं, व्हिनेगर आहे.

"अगं, मग लोणचं कधी घालणार?"